बारा नंबरची खाट

मित्रांनो, मला जुनी म्हणा, गंजकी म्हणा, मी वाईट वाटून घेणार नाही. मी एक जुनी लोखंडी खाटच आहे. फक्त अडगळ म्हणू नका. तो शब्द मी एकदा ऐकला आहे आणि ज्या दिवसांत ऐकला, ते दिवस काही केल्या माझ्या मनातून जात नाहीत. त्यांचीच हकीकत तुम्हाला सांगायची आहे. पण आधी माझी ओळख करून देते.

मी साधी झोपायची खाट नाही. माझ्या पायथ्याशी दोन दांडे आहेत. डावा फिरवला की झोपलेल्या माणसाची पाठ उचलली जाते, उजवा फिरवला की गुडघे वर होतात. दोन्ही बाजूंना कठडे आहेत, म्हणजे आजारी माणूस झोपेत खाली पडत नाही आणि कठड्याला धरून त्याला कुशीही बदलता येते. माझ्या उजव्या पायावर पांढऱ्या रंगाने १२ हा आकडा काढलेला आहे. आम्ही बारा बहिणी आणि मी शेंडेफळ, त्यामुळे माझा रंग जरा पातळच लागला. शेवटी डब्यात उरला होता तेवढाच!

आमचा जन्म पतसंस्थेच्या वार्षिक सभेत ठरला. पतसंस्था म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक नसेल. मोठ्या बँकेच्या काचेच्या दारातून आत जायला जी माणसे बिचकतात, त्यांनी एकत्र येऊन काढलेली ती त्यांची स्वतःची पेढी. भाजीवाल्या मावशी, रिक्षावाले, शिवणकाम करणाऱ्या बायका, शाळेचे शिपाई असे सगळे तिचे सभासद. सगळ्यांनी थोडे थोडे साठवायचे आणि ज्याला नड असेल त्याला त्यातून उभे करायचे, एवढा साधा तिचा कारभार. पतसंस्थेच्या समोरच, रस्त्याच्या पलीकडे, दवाखाना आहे. त्या वर्षी दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाई सभेला आल्या होत्या. त्या सभासद नव्हत्या, तरी त्यांना खुर्ची दिली. त्या काही बसल्या नाहीत.

"माझ्याकडे चाळीस खाटा आहेत," त्या म्हणाल्या. "त्यातल्या पंधरांवर अशी माणसं आहेत की ज्यांना आता माझ्या औषधाची गरज नाही. पाठ उचलणारी खाट आणि घरचं माणूस, एवढंच हवंय. घरी अशी खाट नाही म्हणून मी त्यांना सोडत नाही, आणि ते जात नाहीत म्हणून नवा पेशंट माझ्या व्हरांड्यात झोपतो. तुम्ही मला घराघरांत खाटा द्या. बघायला माझी सिस्टर येईल."

सभेत कुजबुज झाली. केशकर्तनालयवाले उभे राहिले. त्यांना प्रत्येक सभेत उभे राहायची सवयच होती. "आणि खाट गेली नि परत नाही आली तर?"

भाजीवाल्या मावशी बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "आपल्याच घरातून आपल्याच घरात जाणार. जाऊन जाऊन जाईल कुठं? माझा यंदाचा लाभांश घ्या त्यात. तसंही त्यात एक चप्पल येते, दुसरी येत नाही."

सगळे हसले आणि हात वर झाले. अशा रीतीने एका वर्षाच्या लाभांशातून आमच्या नळ्या आणि पत्रे आले. आम्हाला घडवले एका वेल्डिंगवाल्याने. त्याचे वेल्डिंगचे यंत्र पतसंस्थेच्या कर्जावर आलेले होते, म्हणून त्याने आमची मजुरी निम्मीच घेतली आणि उरलेल्या निम्म्याबद्दल वर्षभर सगळ्या बाजारपेठेला ऐकवत राहिला. पण जोड मात्र असे पक्के मारले की आजतागायत माझा एकही सांधा निखळलेला नाही.

आता ज्यांच्यासाठी मी ही हकीकत सांगते आहे त्यांच्याविषयी सांगते. पतसंस्थेच्या शिपायाला सगळे गाडीमामा म्हणत. थोराड हाडांचा माणूस, आवाज मोठा आणि तोंड त्याहून मोठे. आम्हाला हातगाडीवर घालून घरोघर पोचवायचे काम त्यांचे. वाटेत ते आमच्याशी बोलत. "वजन वाढलं का गं तुझं? मागच्या घरी काय खायला घालत होते?" असे मला कितीदा म्हणाले असतील! कुणी माझ्या कठड्यावर ओला टॉवेल टाकलेला दिसला की त्या घराची धडगत नसे. "ही दोरी आहे का? गंज चढला तर तुमच्या अंगाला लागेल, माझ्या नाही!" असे त्यांचे ओरडणे गल्लीच्या टोकापर्यंत जाई. वंगणाच्या बाबतीत मात्र ते भारी कंजूष होते. एका थेंबात दोन्ही दांडे भागवत.

पतसंस्थेच्या भिंतीवर एक फळा होता. त्यावर बारा खिळे आणि प्रत्येक खिळ्यावर आमच्या नंबरचा पत्र्याचा बिल्ला. खाट बाहेर गेली की मामा तो बिल्ला काढून खिशात टाकत आणि खाट परत आली की पुन्हा अडकवत. खिळा रिकामा म्हणजे खाट कामात आहे, एवढे कुणालाही कळे. ती कुठल्या घरात आहे, हे मात्र फक्त मामांच्या डोक्यात असे. व्यवस्थापकसाहेब कधीतरी म्हणत, "मामा, लिहून ठेवा कुठेतरी." मामा म्हणत, "मी काय मरतोय की काय?"

मित्रांनो, ते दिवस फार चांगले होते. अकरा वर्षांत मी एकतीस घरे पाहिली. एका बसचालकाच्या घरी सहा महिने होते. तो पहिल्यांदा स्वतःच्या पायांवर उभा राहिला, तेव्हा त्याने माझ्या कठड्याला मिठी मारली आणि मग शेजारी उभ्या असलेल्या बायकोला. बायको कितीतरी दिवस त्यावरून त्याला टोचत होती. एका घरी बाळंतपणात अशक्त झालेली सून होती. तिच्या सासूने माझा डावा दांडा फिरवून फिरवून मनगट दुखवून घेतले, पण सुनेला बसते केले. प्रत्येक घरी दवाखान्याच्या फिरत्या सिस्टर स्कूटरवरून येत, पाठ बघत, जखम बघत, घरच्यांना कूस कशी बदलायची ते शिकवत. एकदा दवाखान्याच्या कार्यक्रमात डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "लोक म्हणतात माझा दवाखाना चाळीस खाटांचा आहे. तो बावन्न खाटांचा आहे, बारा फक्त गल्ल्यांमध्ये पसरल्यात." मी त्या वेळी एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरी होते. सिस्टरांनी ते वाक्य तिथे येऊन सांगितले आणि मला वाटले, आपल्या जन्माचे सोने झाले.

मामांचा एक नियम होता. तो मी तुम्हाला नीट सांगते, कारण पुढचे सारे त्या नियमामुळेच घडले. पहिल्याच वर्षी चार नंबरच्या खाटेवरचा एक माणूस गेला. मामा तिसऱ्या दिवशी खाट आणायला गेले. दारातून त्यांनी पाहिले, तर खाटेवर अंथरूण तसेच होते आणि त्या माणसाची मुलगी उशीला हात लावून बसली होती. मामांना पाहताच तिने घाईघाईने अंथरूण काढायला घेतले आणि काढता काढता ती रडू लागली. मामा गाडी तशीच रिकामी घेऊन परत आले. तेव्हापासून त्यांनी ठरवले, खाट मागायची नाही. रोज त्या गल्लीतून जायचे, दारापाशी गाडी जरा हळू करायची, "कसं काय?" एवढेच विचारायचे. घर आपणहून म्हणेल, "मामा, न्या आता," तेव्हाच न्यायची. घरेही या रीतीला सरावली. खाट पोचवायला कुणी जात नसे. मामा दारावरून जातीलच, तेव्हा सांगू, असे सगळ्यांना ठाऊक होते. मामा रोज चालत होते तोवर या नियमात काही खोट नव्हती.

माझे एकतिसावे घर घड्याळजींचे. पुढे घड्याळदुरुस्तीचे दुकान, मागे राहती खोली. घड्याळजींच्या आत्या माझ्यावर होत्या. आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या, कडक शिस्तीच्या. सात महिने त्या अंथरुणाला खिळल्या होत्या, तरी झोपल्या झोपल्या घड्याळजींच्या बायकोला, म्हणजे सूनबाईंना, "दांडा अडीच वेळाच फिरव, तीन नको," असे बजावत. सूनबाईंनी त्यांचे फार मायेने केले. एका सकाळी आत्या चहा मागून झोपल्या आणि चहा येईपर्यंत गेल्या.

खोली रिकामी झाली. मी भिंतीला लावली गेले. मामा दारावरून गेले, गाडी हळू केली आणि "कसं काय?" म्हणाले. सूनबाईंचे डोळे भरून आले, म्हणून मामा थांबले नाहीत. मला त्याचे काही वाटले नाही. आठ-दहा दिवसांत न्यायला येतील, हे मला माहीत होते.

पण चौथ्याच दिवशी उताराच्या गल्लीत हातगाडी घसरली. गाडीवर सात नंबरची माझी बहीण होती. तिला सावरायला मामा पुढे झाले आणि गाडी त्यांच्या अंगावर आली. खुब्याचे हाड मोडले. समोरच्याच दवाखान्यात त्यांचे ऑपरेशन झाले.

घड्याळजी त्यांना भेटायला गेले होते. परत येऊन त्यांनी सूनबाईंना सांगितले ते मी ऐकले.

"मी म्हटलं मामांना, खाटेची अजिबात काळजी करू नका. आम्ही जपून ठेवलीय. तुम्ही खडखडीत बरे व्हा, मग सावकाश न्या."

"काय म्हणाले?"

"काही नाही. हो हो म्हणाले. म्हणाले, घरात सगळे बरे आहात ना?"

"बरं केलंत. त्यांच्या जिवाला घोर नको," सूनबाई म्हणाल्या.

मित्रांनो, ही दोघे वाईट माणसे नव्हती. तुमच्या-माझ्यासारखीच भिडस्त. आपण होऊन खाट पाठवली तर मामांना वाटेल, यांना जड झाली, असे त्यांना वाटले. म्हणून त्यांनी थांबायचे ठरवले, तेही मामांच्याच काळजीने.

मग माझ्यावर एक गोधडी आली. गोधडीवर प्रवासाची बॅग. बॅगेवर इस्त्रीचे कपडे, जुन्या भिंतीवरच्या घड्याळांची खोकी, मिक्सरचा रिकामा डबा आणि आत्यांची पुस्तके. आठ-दहा दिवसांतच मी खाट राहिले नव्हते, फडताळ झाले होते. एकदा सूनबाईंची बहीण आली आणि म्हणाली, "किती गं ही अडगळ!" सूनबाई म्हणाल्या, "हो ना, जागाच नाही घरात." त्या दोघी माझ्याच काठावर बसून हे बोलत होत्या.

दुकान आणि खोली यांच्यामध्ये फक्त एक पडदा होता, त्यामुळे गिऱ्हाइकांचे बोलणे मला ऐकू येई. एका सकाळी दूधवाला आपले घड्याळ घेऊन आला.

"गाडीमामांना घरी आणलं, कळलं का?"

"हो? बरं झालं," घड्याळजी म्हणाले. त्यांच्या डोळ्याला भिंग होते.

"कसलं बरं! दुसऱ्या पेशंटची खाट अडवायची नाही म्हणून हट्टानं घरी आले नि आता जमिनीवर झोपवलंय. साखरेचा जुना आजार, उठवता येत नाही अजून. मामी बघितल्यात ना, एवढीशी बाई. त्या एवढ्या माणसाला कूस कशी बदलणार ती? पाठ सोलपटलीय. मी दूध घालायला गेलो तर वास येत होता हो."

"अरेरे! आणि खाट नाही दिली पतसंस्थेनं?"

"सगळ्या बाहेर आहेत म्हणे. फळ्यावर एक बिल्ला नाही. नंबर लावलाय मामींनी."

"कमाल आहे," घड्याळजी म्हणाले. "जन्मभर ज्यानं खाटा वाहिल्या त्याला खाट नाही! संस्थेनं काहीतरी करायला पाहिजे."

"पाहिजेच की," दूधवाला म्हणाला.

मी पडद्याच्या मागे, चार हातांवर होते. माझ्या अंगावर घड्याळांची खोकी होती. मला ओरडावेसे वाटले, अहो मी इथे आहे, मी रिकामी आहे, मला न्या! पण लोखंडाला कुठला आवाज? मी कुरकुरण्याचा प्रयत्न केला. पण मित्रांनो, खाटेला कुरकुरायलासुद्धा वर माणूस लागतो. दूधवाला घड्याळ घेऊन गेला आणि सूनबाईंनी येऊन माझ्यावर धुतलेल्या चादरींची आणखी एक चळत ठेवली.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझे मला माहीत. रोज वाटे, आज कुणाला तरी आठवेल. घड्याळजी जेवताना म्हणत, "बिचारे मामा." सूनबाई म्हणत, "जाऊन यायला हवं एकदा." मग दुकानात गिऱ्हाईक येई, नळाला पाणी येई, आणि जाणे राहून जाई. मी पाठीच्या जखमा पाहिलेल्या आहेत. त्या पहिल्या आठवड्यात रुपयाएवढ्या असतात, दुसऱ्या आठवड्यात तळहाताएवढ्या होतात आणि तिसऱ्या आठवड्यात आत जातात. मी दिवस मोजत होते. मामांच्या पाठीचे काय झाले असेल, ते मला न बघताच दिसत होते. त्यांचे घर तिथून फक्त दोन गल्ल्या दूर होते.

तीन आठवडे गेले. एका दुपारी फिरत्या सिस्टर दुकानात आल्या. नाडी मोजायचे त्यांचे घड्याळ बंद पडले होते.

"सेल टाकून द्या लवकर. मला पुढे मामांकडे जायचंय," त्या म्हणाल्या. "हात धुवायला पाणी मिळेल का?"

सूनबाईंनी पडदा सारला आणि त्यांना आत घेतले. मोरीकडे जाताना सिस्टरांचा पाय माझ्या पायाला लागला. त्या कळवळून खाली वाकल्या. गोधडीच्या काठाखालून माझा पांढरा आकडा दिसत होता. सिस्टर तशाच वाकलेल्या राहिल्या. मग त्यांनी गोधडी वर केली.

"ही बारा नंबर अजून इथेच? मला वाटलं, पडायच्या आधीच मामांनी ती पुढच्या घरी नेली."

"हो," सूनबाई म्हणाल्या. "आत्यांसाठी आणली होती ना. मामा न्यायला येणार होते, पण ते पडले. म्हटलं बरे झाले की येतील. तोवर असू दे."

सिस्टर ताडकन सरळ झाल्या. मग एकदम त्या ओरडल्याच. "अहो, कोण येणार न्यायला? कोण येणार? मामाच झोपलेत जमिनीवर! मी तीन आठवडे दारोदार विचारत फिरतेय, कुणाची खाट मोकळी आहे का, म्हणून. काखेत कळसा नि गावाला वळसा! तुम्हाला कळलं नाही?"

घड्याळजी पडद्यात येऊन उभे होते. त्यांच्या हातात सिस्टरांचे उघडे घड्याळ होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मला वाटते, महिन्याभरात पहिल्यांदाच पाहिले.

"मामांना माहीत होतं," ते हळूच म्हणाले. "मी त्यांना स्वतः सांगून आलो होतो, खाट आमच्याकडे आहे म्हणून."

"त्यांना माहीत होतं?" सिस्टर म्हणाल्या. "व्यवस्थापकसाहेब दोनदा विचारायला गेले होते, कुठली मोकळी होण्यासारखी आहे का. मामा म्हणाले, सगळ्या कामात आहेत."

तिघांनी मिळून माझ्यावरचे सामान उचलले. उचलले कसले, फेकलेच. खोकी फुटली, आत्यांची पुस्तके जमिनीवर पडली. पतसंस्थेतून हातगाडी आणली. घड्याळजींनी जन्मात कधी गाडी ओढली नव्हती. ते चष्मा सावरत, धापा टाकत मला ओढत होते, मागून सूनबाई ढकलत होत्या आणि सिस्टर स्कूटरवर पुढे. दुकान उघडेच राहिले होते.

मामांची खोली लहान होती. मामा खिडकीखाली एका सतरंजीवर पडले होते. मी त्यांना ओळखलेच नाही. तो मोठा आवाज, ते थोराड खांदे, काही राहिले नव्हते. मामी त्यांच्या डोक्याशी बसून वर्तमानपत्राने वारा घालत होत्या. चौघांनी चादरीला धरून त्यांना उचलले आणि माझ्यावर ठेवले. तेव्हा त्यांची पाठ मला टेकली. त्याबद्दल मी तुम्हाला काही सांगणार नाही. सिस्टरांनी डावा दांडा फिरवला, मामांची पाठ वर झाली आणि त्यांना खिडकीतून रस्ता दिसला.

घड्याळजी हात जोडून उभे होते. "मामा, चुकलं आमचं. तुम्ही एक शब्द टाकायचा होता."

मामांनी कठड्यावरून हात फिरवला. गंज कुठे चढलाय का, ते पाहत असावेत.

"महिनासुद्धा झाला नव्हता हो आत्यांना," ते म्हणाले. "सूनबाईंचे डोळे अजून ओले होते. इतक्या वर्षांत कुणाच्या दारात मागितली नाही, ती स्वतःसाठी मागू?" मग त्यांना धाप लागली. ती ओसरल्यावर ते म्हणाले, "तुम्ही कशाला एवढी घाई केलीत?"

सूनबाई तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या.

मी माझ्याकडून जे करायचे ते सारे केले. त्यांची पाठ उचलून धरली, कठडा हाताशी दिला, मामींना आता वाकावे लागत नव्हते. सिस्टर दिवसातून दोनदा येत. घड्याळजी रोज सकाळ-संध्याकाळ येऊन मामांची कूस बदलत, जखमेकडे पाहून मान वळवत आणि पुन्हा वळून नीट पाहत. पण जखम हाडापर्यंत पोचली होती. सहाव्या दिवशी मामांना ताप भरला. डॉक्टरीणबाई स्वतः आल्या, त्यांनी मामांना दवाखान्यात हलवले. मला वाटले, बरे करून आणतील. मी पाठीकडचा भाग उचललेलाच ठेवून वाट पाहत होते. दोन दिवसांनी मामी एकट्याच परत आल्या.

मामांना हलवताना डॉक्टरीणबाई सिस्टरांना काय म्हणाल्या, ते मी ऐकले होते. ही खाट तीन आठवडे आधी आली असती, तर जखम इतकी खोल गेलीच नसती.

मामींना कुणी काही सांगायला नको होते. चौथ्या दिवशी सकाळी त्या उठल्या, त्यांनी माझ्यावरचे अंथरूण काढले, मला साबणाच्या पाण्याने पुसले, दोन्ही दांड्यांना तेल दिले. थेंबभर नाही, चांगले वाटीभर दिले. मग घड्याळजींना बोलावणे पाठवले आणि दोघांनी मला हातगाडीवरून पतसंस्थेच्या दारात आणून उभे केले. मामींनी पदराच्या गाठीतून माझा पत्र्याचा बिल्ला काढला.

व्यवस्थापकसाहेब धावत बाहेर आले. "मामी, अहो हे काय? तुम्ही कशाला आलात? घाई नव्हती हो. राहू द्यायची महिनाभर."

"हेच," मामी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण रस्त्यावरची माणसे थांबली. "घाई नाही, घाई नाही, सगळे एकमेकांना हेच सांगत बसले. या घड्याळजींनी आमच्या ह्यांना सांगितलं, आता तुम्ही मला सांगताय. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते खोटं नाही. माझा माणूस गेला त्या भिडेत. आता नंबर कुणाचा आहे ते सांगा, म्हणजे आम्ही तसेच पुढे जातो."

साहेबांनी यादी पाहिली. शाळेत झाडलोट करणाऱ्या एका बाईंचा नंबर होता, गिरणीमागच्या चाळीत. मामी रडल्या नाहीत. घड्याळजींनी गाडीचे दांडे उचलले आणि मामी मागून ढकलू लागल्या.

मित्रांनो, आता मी त्या बाईंच्या घरी आहे. त्या रोज थोड्या थोड्या बऱ्या होत आहेत. पतसंस्थेत आता प्रत्येक खिळ्याखाली खडूने घराचा पत्ता लिहितात, असे सिस्टर सांगत होत्या. चांगलेच आहे. पण खडू पुसला जातो आणि माणसे भिडस्त असतात, म्हणून मला अजून भीती वाटते. या बाई बऱ्या झाल्यावर माझ्यावर पहिली गोधडी येईल, मग बॅग येईल, आणि त्या वेळी कुठे तरी, कुणी तरी सतरंजीवर पडलेले असेल. मला ते ऐकू येईल. आणि मला काहीही करता येणार नाही.

म्हणून तुम्हाला विनवते. आज घरी गेलात की दारामागे बघा, माळ्यावर बघा, कपड्यांच्या ढिगाखाली बघा. बरे झालेल्या काकांच्या कुबड्या असतील, आजोबांचा वॉकर असेल, उसनी आणलेली चाकांची खुर्ची असेल. ती मागायला कुणी येणार नाही. ज्याला तिची सर्वांत जास्त गरज आहे तो तर मुळीच येणार नाही. मला चार पाय असून एक पाऊल टाकता येत नाही. तुम्हाला येते. तेवढी ती वस्तू उचला आणि देऊन या, आजच.